बोळात मावेल अशी

लालबागेच्या कोपऱ्यावर जटका डावीकडं वळायला हवा होता. तो सरळ गेला. मी ह्यांच्याकडं बघितलं, तर हे घोड्याच्या शेपटीकडं बघत होते. जटकेवाला चुकला असता तर निदान मान वळवून त्यानं विचारलं तरी असतं. तोही गप्प. म्हणजे त्याला आधीच सांगून ठेवलेलं होतं. "अहो, घर तिकडं राहिलं," मी म्हटलं. "हो, हो. वाटेत एक ठिकाण आहे, तेवढं बघून जाऊ," हे म्हणाले, आणि मग घाईघाईनं, "ऊन लागत नाही ना तुला?" ह्यांना काही लपवायचं असलं की हे माझ्या तब्येतीची चौकशी करतात. एवढ्या संसारात एवढं तरी मी शिकलेय. मी म्हटलं, ऊन लागत नाही. मांडीवरच्या पिशवीत सॅनेटोरियमच्या डॉक्टरांनी दिलेला कागद होता. म्हातारा मोठा गोड माणूस. सकाळी माझ्या छातीचा फोटो उजेडाला धरून त्यानं जुना डाग दाखवला, सुकलाय म्हणाला, थुंकीत कितीतरी दिवसांत काही सापडलेलं नाही म्हणाला, आणि मग, "स्वल्प जपून राहा अम्मा, बाकी सगळ्यांसारखं राहा." सुंठीवाचून खोकला गेला म्हणतात. माझा सुयांनी गेला, अजून कुशीवर वळले की कमरेखाली त्या दुखतात. पण गेला. सगळ्यांसारखं राहा, हे शब्द मी सकाळपासून लिमलेटच्या गोळीसारखे तोंडात फिरवत होते.

सॅनेटोरियमच्या व्हरांड्यात ओळीनं खाटा होत्या आणि करायला काही नव्हतं. दुपारी डोळे मिटून मी रोज घरी जात असे. बसवनगुडीतलं आमचं भाड्याचं घर, फाटक करकरतं म्हणून जरा उचलून लोटायचं. मग घरमालक सुब्बारावांचं तुळशीवृंदावन. मग पायऱ्या. उजव्या हाताला आमची खोली, पलीकडं स्वयंपाकघर, तिथं सासूबाई पाठमोऱ्या, आणि त्यांच्या पायांशी फतकल मारून बसलेली आमची अलका. मी गेले तेव्हा तिला नीट बोलताही येत नव्हतं. दीड वर्षात ती केवढी झाली असेल याचा अंदाज करता करता माझा डोळा लागायचा. मनातल्या मनात मी कधी कुणाला विचारून आत गेले नाही आणि मला कुणी अडवलंही नाही. आपल्याच घरात शिरायला विचारायचं कुणाला? शेजारच्या खाटेवरच्या मालनबाई म्हणायच्या, "बाई गं, रोज फुकटचा प्रवास करतेस." त्या स्वतः बऱ्या होऊन एकदा घरी जाऊन आल्या होत्या. तिथं काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही, पण परत आल्या तेव्हा आपली जुनीच खाट मागून घेतली आणि म्हणाल्या, "इथंच बरं. इथं सगळ्या तसल्याच." मी तेव्हा हसले होते. मला वाटलं, त्यांच्या घरची माणसं वाईट असतील.

जटका थांबला तो दंडूत. माझ्या माहेरी लष्करी भागाला दंडूच म्हणतात. आमची चिकपेटेतली मंडळी पिढ्यान् पिढ्या इथली, आमच्या मराठीत निम्मी कानडी. सासूबाई साताऱ्याच्या. त्या कॅम्प म्हणतात आणि मी दंडू म्हटलं की अलकाकडं बघून सांगायच्या, "कॅम्प म्हणावं हं, बाळ." तर दंडूत, रिचमंड टाउनच्या पलीकडं, एक मोठं आवार होतं आणि त्यात साहेब लोक जाताना टाकून गेलेलं सामान: पियानो, बाथटब, घोड्यांची खोगिरं, हरणांची शिंगं. आणि कडेला चाकांवरच्या खोल्या. मी अशी गाडी एकदा लहानपणी पाहिली होती, सर्कशीच्या मैदानावर, तिच्यात ठेंगू माणसं राहायची. "याला कॅरव्हॅन म्हणतात," हे म्हणाले. ह्यांचा आवाज एकदम मोकळा झाला होता. हे सरकारी कारखान्यात इंजिनियर. यंत्राचं काही निघालं की ह्यांची कळी खुलते, मग कुठं उभे आहोत, कुणाबरोबर आहोत, सगळं विसरतात. "गाडीला जोडायची आणि कुठंही न्यायची. आत बिछाना, टेबल, स्टोव्ह ठेवायला जागा. खिडक्या. पाव्हणी, आपण ही एक घेतोय." मला लाडात आले म्हणजे पाव्हणी म्हणतात. मी विचारलं, "कुठं जायचंय आपल्याला?" आणि खरं सांगते, क्षणभर माझ्या डोळ्यांपुढं म्हैसूर आलं, चामुंडीचा डोंगर आला, अलका खिडकीत आणि आम्ही दोघं. कितीही टक्केटोणपे खाल्ले तरी मनाची खोड जात नाही. हे म्हणाले, "जायचं कुठं नाही. घरीच. आपल्या बाजूच्या बोळात उभी करायची. तुझ्यासाठी."

तिथं एक उलटा टाकलेला टब होता. त्यावर मी बसले. हे माझ्यासमोर उकिडवे बसून बोलत होते आणि मी ह्यांच्या कानाकडं बघत होते. कानावरचे केस पिकायला लागलेत हे मला नवीन होतं. बोलणं सगळं ऐकू येत होतं. घरमालक बोळात शेड घालू देईनात. बांधकाम नको म्हणाले. मग ह्यांनी कारखान्याच्या नोटीस-बोर्डावर ही जाहिरात पाहिली आणि सुब्बारावांना जाऊन विचारलं. सुब्बाराव विचार करून म्हणाले, "चाकं आहेत ना? मग ते बांधकाम नव्हे. सरी." म्हणजे चालेल. नव्या गाडीचा विचारच करायला नको, आपल्या ऐपतीत जुनीच बसते, तीही लहान. हे सगळं ह्यांनी असं सांगितलं की जणू सुब्बारावांनी सोन्याची खाण दिली. मी म्हटलं, "मला डॉक्टरांनी सगळ्यांसारखं राहा म्हणून सांगितलंय. कागद दाखवू?" हे म्हणाले, "मला दाखवून काय उपयोग, नयना."

तेवढ्यात आवाराचा मालक आला. फत्तेसिंग नाव, भरघोस मिशा, पायांत मात्र रबरी चपला. "आइये बाईसाब, ये तो चलता फिरता बंगला है," म्हणत त्यानं पहिल्या गाडीचं दार उघडलं. ती कुणा कॉफीमळ्याच्या साहेबाची. ऐसपैस, पडदे लावलेली, आत शिरल्यावर चक्क उभं राहून अंग वळवता येत होतं. दोन बाजूंना दोन बिछाने. एक मोठा, एक छोटा, कठडा असलेला. त्या साहेबाचं पोरगं त्यावर झोपत असणार. मी कठड्याला हात लावला. लाकूड गुळगुळीत होतं. अलकाला पोटावर झोपायची सवय आहे, उशी लाथेनं खाली टाकते, आणि झोपेत तिच्या टाळूला एक वास येतो, खोबरेल तेल आणि घाम यांचा, तो मला तिथं त्या परक्या गाडीत आला. इतका आला की मी बाजूला बघितलं. मी म्हटलं, "ही घेऊ या." ह्यांनी खिशातून टेप काढला होताच. बाहेर जाऊन मोजून आले आणि दारातून म्हणाले, "बोळात जाणार नाही." मी म्हटलं, "मग पुढं उभी करा, फाटकापाशी." "तिथं तुळस आहे." "तुळशीच्या अलीकडं." "रस्त्यावरून दिसेल." "दिसू दे की. चोरी केलीय का मी?" फत्तेसिंगाला मराठी कळत नव्हतं पण नवराबायको कळत असावीत. तो बाहेर जाऊन एका खोगिराची धूळ झटकायला लागला.

ह्यांनी टेप गुंडाळला, परत सोडला, परत गुंडाळला. मग खाली बघून म्हणाले, "आई अलकाला घेऊन साताऱ्याला जाणार म्हणते." मी म्हटलं, "कधी?" हे म्हणाले, "तू घरात आलीस की." एवढंच. सासूबाईंनी मला येऊ नको असं म्हटलेलंच नव्हतं. तसं त्या कुणालाच म्हणायच्या नाहीत. 'येऊ दे की तिला, तिचंच घर आहे, मी पोरीला घेऊन साताऱ्याला जाते,' असं म्हणाल्या असणार, तांदूळ निवडता निवडता, वर न बघता. त्यांच्यावर रागवायचं म्हटलं तरी पंचाईत. त्यांची थोरली लेक याच रोगानं गेली. तिला त्यांनी माजघरात ठेवून घेतलं होतं, सगळे नको सांगत असताना, आणि वर्षाच्या आत धाकटा दीरही गेला, तेव्हा सुया निघालेल्या नव्हत्या. लग्नानंतर पहिल्या दिवाळीत त्यांनीच मला हे सांगितलं, करंज्या लाटत. म्हणाल्या, "मी माया केली आणि पोरगा घालवला." असं बोललेल्या बाईपुढं डॉक्टरांचा कागद काय धरायचा? मला कळत होतं. कळतं म्हणूनच तर ताप. कुणी खाष्ट असतं, शिव्या देणारं असतं, तर मी कमरेला पदर खोचून भांडले असते. हा तोंड दाबून बुक्क्यांचा मार झाला. आणि तिकडं हे आपले, आईही राहावी, बायकोही यावी, पोरही डोळ्यांसमोर असावी, म्हणून रात्रंदिवस डोकं चालवून गाडी शोधून बसलेले. मी त्या छोट्या बिछान्याच्या कठड्यावरचा हात काढला आणि म्हटलं, "दाखवा दुसरी."

दुसरी म्हणजे नुसता पत्रा, एका बाजूनं चेपलेला, आत कोंबड्या होत्या. तिसरी भिंतीच्या सावलीत उभी होती. चिंचोळी, फिकट हिरवी, रंगाचे पापुद्रे सुटलेले, छप्पर गोल. कुणी पाद्री तिच्यातून कोलारकडच्या खेड्यांत हिंडायचा, तो विलायतेला गेला. "हिचं दार मागच्या बाजूला आहे," हे म्हणाले, "बाकीच्यांचं कुशीला असतं, बोळात उघडणारच नाही. हिचं उघडेल." मी आत शिरले. रॉकेल, जुनी लोकर आणि उंदीर यांचा वास. एका टोकाला आडवा बिछाना, भिंतीला बिजागरीवर टेबलाची फळी, कोपऱ्यात स्टोव्हपुरती जागा. भिंतीवर एक चौकोन बाकीच्यापेक्षा उजळ होता, तिथं पाद्र्याची तसबीर असणार. हात पसरायला गेले तर कोपरं दोन्हीकडं टेकली. पाद्री बहुतेक माझ्यासारखाच काटकुळा असावा. माझ्यामागून हे आत आले, टेप घेऊन, आणि मग दोघांनाही हलता येईना. मी वळले तर ह्यांचा सदरा माझ्या नाकाशी. दीड वर्षात आम्ही इतके जवळ उभे राहिलो नव्हतो. भेटीच्या दिवशी खाटेपासून लांब एक खुर्ची असायची आणि हे तिच्यावर बसून मला घरचा हिशेब सांगायचे. सदऱ्याला मशिनच्या तेलाचा तोच वास होता. माझं तोंड आपोआप बाजूला वळलं, हात पदराकडं गेला, पदर तोंडावर आला. सॅनेटोरियमात पहिल्या आठवड्यात शिकवतात ते. ह्यांनी माझा पदराचा हात धरला आणि तो खाली घेतला. म्हणाले, "असू दे." आणि मला वाटलं, आता हे रडतील, आणि हे रडले तर मी या डब्यातच कोसळेन. म्हणून मी घाईनं विचारलं, "खिडकी कुठल्या अंगाला येईल?" हे लगेच सावरले. खिशातून घडी केलेला आलेखाचा कागद काढला. बोळ, गाडी, आणि घराच्या भिंतीत स्वयंपाकघराची खिडकी, सगळं बारीक पेन्सिलीनं काढलेलं. "समोरासमोर. बघ. तू इथं बसलीस की तुला अख्खं स्वयंपाकघर दिसतं. अलका तिथंच जेवते."

मी त्या कागदाकडं बघत राहिले. गाडीच्या चौकोनात ह्यांनी बिछाना काढला होता, फळी काढली होती, दार काढलं होतं. सगळं याच गाडीचं. "मग मला कशाला आणलंत?" मी विचारलं. "तू पसंत करावीस म्हणून," हे म्हणाले. बाहेरून फत्तेसिंग म्हणाला, "साहब ने तो बयाना उसी दिन दे दिया था. बोले, मेमसाब देख लेंगी तो खुश हो जायेंगी." ह्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. मला हसू आलं. राग आला की मला हसू येतं, माहेरी सगळ्यांना ठाऊक आहे, माझा भाऊ अण्णा म्हणायचा नयना हसली, पळा. मी म्हटलं, "एकच मुलगी दाखवायची आणि वर विचारायचं पसंत आहे का. बरंय." हे म्हणाले, "नको असेल तर नको घ्यायला." आता नको म्हणायला मला जागा कुठं होती? नको म्हटलं तर साताऱ्याची गाडी उभीच होती. मी म्हटलं, "हीच घ्या. स्वच्छ तेवढी करून घ्या, उंदीर आहेत." हे इतके खुश झाले की उतरताना ह्यांचं डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं. मी टेंगूळ चोळून दिलं.

गाडी घरी पोचेपर्यंत मी चिकपेटेत हरीअण्णाकडं राहिले. हा माझा थोरला भाऊ, कापडाचं दुकान, दुकानावरच घर. वहिनीला दिवस गेलेले, तरी तिनं मला हातानं वाढलं, माझ्या केसांना तेल लावलं, "अक्का, इथंच राहा की," म्हणाली. पण तिची आई बाळंतपणाला आलेली होती आणि मी पाणी प्यायले की ती माउली माझा पेला शेवग्याच्या झाडाखाली नेऊन ठेवायची. कुणी पाहू नये म्हणून पदराखाली झाकून न्यायची, इतकी भली बाई. मला तिचं काही वाटलं नाही. मी तिथं दिवसभर मनातल्या मनात गाडी लावत होते. स्टोव्ह इकडं, पातेली तिकडं, फळीवर आरसा. आणि खिडकी. सकाळी अलका दूध प्यायला येईल तेव्हा मी खिडकीत असेन. पहिल्या दिवशी बोलायचं नाही, नुसतं हसायचं. दुसऱ्या दिवशी नाव विचारायचं, उगीच, चेष्टेनं. मग गोष्ट सांगायची. सासूबाई बघतील, महिना जाईल, दोन जातील, मी खोकत नाही हे त्यांना ऐकू येईल. मग एखाद्या दिवशी त्याच म्हणतील, आत ये गं, भाजी चिरून दे. गाडीत वर्षभर राहा, म्हणाले होते हे. मी म्हणत होते, वर्ष कशाला, सहा महिन्यांत होईल. दुपारी डोळे मिटले की पूर्वी मी फाटकातून पायऱ्यांवर जात असे, आता मी खिडकीतून आत जायला लागले.

रविवारी सकाळी गाडी आली. मी अण्णाबरोबर पोचले तेव्हा निम्मी गल्ली गोळा झाली होती. कारखान्यातल्या कुणाची जीप होती, तिनं गाडी फाटकापर्यंत आणली, पुढं माणसांनी ढकलली. हे मागं धावत होते, पुढं धावत होते, "हळू, हळू, डावीकडं घ्या," आणि सुब्बाराव पंचा खांद्यावर टाकून ओसरीवरून सूचना देत होते. गाडी बोळात शिरली. एका बाजूला कंपाउंडची भिंत, दुसऱ्या बाजूला घर, मधे बोटभर बोटभर जागा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ह्यांनी कपाळाचा घाम पुसून माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. काय करणार? जमलं होतं खरंच. मग एक गंमत झाली. सुब्बाराव लिंबं घेऊन आले, चाकाखाली ठेवायला. म्हणाले, वाहन आहे, वाहनाची पूजा. सासूबाई आतून म्हणाल्या, "वाहन कसलं? माणूस राहणार ना तिच्यात? मग घर. घराचा रिवाज घराचा." थोडी हुज्जत झाली, सुब्बाराव कानडीत, सासूबाई मराठीत, दोघांनाही एकमेकांचं कळत नव्हतं आणि दोघंही बरोबर होती. शेवटी चाकाखाली लिंबू फुटलं आणि दारावर आंब्याचं तोरणही लागलं. पायरीपाशी सासूबाईंनी स्वतः रांगोळी काढली, कमळाची, वाकून, गुडघ्यावर हात टेकत टेकत. मला पाहून म्हणाल्या, "आलीस? वाळलीस गं." डोळ्यांत पाणी होतं, खोटं नव्हतं. मी वाकले तर दोन पावलं मागं सरून म्हणाल्या, "पोचला, पोचला नमस्कार." मग स्टोव्ह, नवं पातेलं, दुधाचा तांब्या एकेक करून पायरीवर ठेवलं आणि बाजूला झाल्या. मी एकेक उचललं. हातातून हातात काही आलं नाही.

"पूर्वेला तोंड करून दूध तापव. उतू जाऊ दे," बाहेरून सांगत होत्या. नव्या घरात पहिलं दूध उतू घालवायचं, हे आमच्याकडंही आहे. बसवनगुडीतलं घर घेतलं तेव्हा आम्ही दोघींनी मिळून ते केलं होतं, मी स्टोव्हला पंप मारत होते आणि त्या दूध ओतत होत्या, आणि दूध उजवीकडं सांडलं म्हणून त्यांनी माझ्या पाठीवर थोपटलं होतं. आता मी एकटीनंच पंप मारला. पूर्व म्हणजे भिंत. पाद्र्याच्या तसबिरीचा तो उजळ चौकोन. दूध वर यायला लागलं तशी मी खिडकीतून बघितलं. समोर स्वयंपाकघराची खिडकी होती, अगदी कागदावर काढल्यासारखी, आणि तिच्या गजांशी अलका. मोठी झाली होती. माझ्या हिशेबापेक्षा लांब पाय, केसांच्या दोन शेंड्या, तोंडभर दात. मी ठरवल्याप्रमाणं हसले. ती माझ्याकडं बघतच नव्हती. ती गाडीकडं बघत होती, छपराकडं, चाकाकडं, तोंड उघडं टाकून. चुर्र करून दूध स्टोव्हवर सांडलं. बाहेर सुब्बाराव काहीतरी मंगल बोलले. सासूबाई म्हणाल्या, "झालं बाई. देवाच्या दयेनं झालं. आता हे तुझं घर. नव्या घरात अंधार ठेवू नये, संध्याकाळी दिवा लाव, आणि रोज लावत जा."

त्यांनी मायेनंच म्हटलं. त्याच्या आधी कुणी मला हे तुझं घर असं म्हटलं नव्हतं. हे म्हणत होते गाडी, मी म्हणत होते थोडे दिवस. थोड्या दिवसांच्या जागेत कुणी दूध उतू घालवत नाही. धर्मशाळेत घालवतं का? मी त्या पातेल्याकडं बघत राहिले आणि मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. डोक्यात मी जे सहा महिने धरले होते ते असे सांडून गेले. आता मला आत कोण बोलावणार, आणि कशाला? मला घर होतं. रीतसर, तोरणाचं. आणि मी स्वतःच्या हातानं पंप मारला होता. माझ्यात वाद घालायची ताकद सकाळपर्यंत होती. मी ओरडून सांगायला हवं होतं की थांबा, पुसा ती रांगोळी, माझं घर ते पलीकडचं. पण सगळे इतके आनंदात होते. हे कुणाला तरी गाडीचे स्प्रिंग समजावून सांगत होते. अण्णा पेढे वाटत होता. अशा वेळी कसं ओरडायचं ते मला कुणी शिकवलेलं नाही.

मग धावत्या पायांचा आवाज आला. अलका आजीच्या हातातून सुटली होती. बोळाच्या तोंडाशी येऊन तिनं रांगोळीवरून उडी मारली, ती नेमकी कमळावर पडली, आणि पायरीशी येऊन उभी राहिली. पायरी तिला उंच होती. तिनं दोन्ही हात वर केले. "मला वर घे. मला गाडीत बसायचंय." मला आई म्हणाली नाही. मी कोण ते तिला ठाऊक होतं की नाही देव जाणे, तिला गाडी हवी होती. मला चालत होतं. गाडीसाठी तर गाडीसाठी. दीड वर्ष मी ज्याची वाट पाहिली ते पायरीशी हात वर करून उभं होतं आणि तिच्या टाळूचा भांग मला वरून दिसत होता. मी वाकले. घ्यायलाच वाकले. माझा श्वास तिच्या तोंडावर जाईल इतकी वाकले, आणि तो गेला, तिच्या कपाळावरचे बारीक केस हलले. ते हललेले मी पाहिले. माझा हात तिच्या खांद्यावरून पुढं गेला, बाहेरच्या अंगाला उघड्या असलेल्या दाराची मूठ त्यानं धरली आणि दार ओढून घेतलं. ती मागं सरकली असावी. कडी मी लावली.

मग तिनं दारावर हात मारला. "उघड ना." मग परत. मग ती रडायला लागली, हात आपटत, मोठ्यानं, लहानपणी रडायची तशीच, मधेच श्वास अडकून. ह्यांचा आवाज आला, "नयना, अगं उघड. डॉक्टरांनी सांगितलंय ना, काही हरकत नाही." हे मला सांगत होते. मला. मी दाराला पाठ लावून उभी होते आणि दुधाचा करपट वास त्या एवढ्याशा जागेत भरून राहिला होता. मी स्वतःला म्हटलं, थुंकीत काही नाही. डाग सुकलाय. सगळ्यांसारखं राहा. सगळं पाठ होतं. अलकाला उचकी लागली. आणि मग मला सासूबाईंचा आवाज आला, अगदी दाराशी, दारापलीकडं माझ्या खांद्याच्या उंचीवर. त्या म्हणाल्या, "घे गं तिला. रडून रडून काळी पडलीय पोर. क्षणभर घेतलंस तर काही होत नाही. मी सांगते ना. नयना, मी सांगतेय." त्यांनीही दारावर हात ठेवला असावा, कारण दार जरासं हललं. मी हात मागं नेऊन कडीवर ठेवला. ती हलकी होती, बोटानं सरकली असती. मी हाताला सांगत होते आणि तो नुसता कडीवर पडून होता.